बाईंसाठी उसना आवाज

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. एकोणीस वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे मी. "पुढे सरका, पुढे सगळं रिकामं आहे" हे दिवसातून शंभर वेळा ओरडायचं, आणि तेही शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठेल असं. घरी नवरा म्हणतो, अगं, मी समोरच बसलोय. असेल बसलेला. आता या वयात आवाज कमी करायचं बटण कुठून आणू?

माझ्या लेकीच्या बाई माझ्याच बसने शाळेत जायच्या. चौथीचा वर्ग, एक्केचाळीस पोरं. खांद्याला वह्यांची पिशवी, हातात डबा, आणि बसायला जागा असली तरी उभ्याच. "दिवसभर उभंच राहायचंय, सवय मोडायला नको," म्हणायच्या. या बाईंचं माझ्यावर मोठं ऋण आहे. तिसरीपर्यंत माझ्या लेकीला गणिताचं नाव काढलं की पोटात दुखायचं, खरोखरचं दुखायचं. यंदा त्याच पोरीने मला अपूर्णांक समजावून सांगायला माझ्या नव्याकोऱ्या साबणाचे सुरीने आठ तुकडे केले. मी आधी भडकले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. आनंदाने हो!

तर एका सोमवारी सकाळी बाई बसमध्ये चढल्या. मी म्हटलं, "काय बाई, सुट्टी कशी गेली?" तर नुसत्या हसल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा हसल्या. म्हटलं, झालं काय यांना, माझं काही चुकलं का? तेवढ्यात त्यांनी पर्समधून एक कागद काढून माझ्या हातात दिला. गळ्याच्या डॉक्टरांचा होता. तीन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. खाली बाईंनी स्वतः लिहिलं होतं: "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. गप्प राहिले तर जातील. नाही राहिले तर ऑपरेशन, आणि त्यानंतर वर्गात शिकवता येईलच असं नाही."

"मग शाळेत कशाला निघालात?" मी ओरडलेच. सगळी बस आमच्याकडे बघायला लागली.

बाईंनी तिकिटाच्या मागे लिहिलं, "बदली शिक्षक नाही. वर्ग तीन तुकड्यांत वाटून टाकतील. परीक्षा जवळ आलीय."

त्या त्यांच्या स्टॉपवर उतरून गेल्या आणि मी एका आजोबांना चुकीचं तिकीट फाडून दिलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. लेक घरी येऊन सांगायची, बाई फळ्यावर लिहितात, टाळ्या वाजवतात, हातवारे करतात. पोरांना दोन दिवस मजा वाटली आणि मग पोरं ती पोरंच. गुरुवारी लेक दप्तर टाकून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, बाई आज दोनदा बोलल्या. मागची मुलं मारामारी करत होती म्हणून. मग बाई बाहेर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या."

नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी शाळेत पालकांची बैठक होती. विषय काय? शिक्षकांसाठी कृतज्ञता सोहळा! आमच्या पालक समितीच्या अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण माईक दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी यादी वाचून दाखवली. मोठा फलक, पुष्पगुच्छ, बाईंना मानचिन्ह, मग अध्यक्षांचं भाषण, मग मुख्याध्यापकांचं भाषण. "आणि शेवटी," ते म्हणाले, "बाई आपल्याला दोन शब्द सांगतील."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "कुठले दोन शब्द?" मी उभी राहिले. "त्या बाईंचा गळा जायची वेळ आलीय, आणि तुम्ही त्यांना भाषण करायला लावताय?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. गाठींचं कुणाला काही माहीतच नव्हतं. मुख्याध्यापक, म्हणजे आमचे हेडसर, चाचरत म्हणाले, "मला वाटलं, सर्दी झालीय." बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला हाताने खाली बसायची खूण केली, पण मी कसली बसतेय! सगळं सांगून टाकलं. गाठी, ऑपरेशन, मारामारी, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, सगळं. आणि मग, देवाशपथ सांगते, काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं: "मानचिन्ह राहू द्या. आपण त्यांना आपला आवाज देऊ. रोज एक पालक वर्गात उभा राहील. बाई लिहितील, आपण बोलायचं. तीन आठवडे आता सोमवारपासून नव्याने मोजायचे, म्हणजे शाळेचे पंधरा दिवस, पंधरा माणसं. आहेत की नाही पंधरा माणसं इथे?"

हेडसर म्हणाले, "बाहेरची व्यक्ती वर्गात, हे नियमात बसत नाही."

"सर, नाही बसत तर उभी राहील की! मी एकोणीस वर्षं उभीच आहे."

हशा पिकला. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी म्हणाले, "सोमवारी करून बघू. एक दिवस." तोवर शुक्रवारी बाईंनी शाळेत पाऊल टाकायचं नाही, एक दिवस पोरं दुसऱ्या वर्गांत बसतील, असंही त्यांनीच ठरवलं. एक नर्स होती, तिने पहिला हात वर केला. मग शिवणकाम करणाऱ्या ताई, मग विजेचे मीटर तपासणारे एक बाबा, मग केस कापणारे काका. अध्यक्षांनी सर्वात शेवटी केला, तोंड जरा पाडूनच.

सोमवारी मी रजा टाकली, म्हणून पहिला नंबर माझा. वाटलं, माझ्यासाठी ही काय मोठी गोष्ट! साठ माणसं कोंबलेली बस मी सांभाळते, एक्केचाळीस पोरं म्हणजे किस झाड की पत्ती. वर्गात शिरले. गोंगाट चालला होता. मी माझा नेहमीचा सूर लावला, "ए, गप्प बसा सगळे!" वर्ग एकदम चिडीचूप झाला. पहिल्या बाकावरची एक पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. माझी लेक लाजेने बाकाखाली शिरली.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, "ओरडू नका. थांबा."

थांबा म्हणजे काय करायचं? तर नुसतं उभं राहायचं. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, एकेका पोराकडे बघत. कुणाकडे जरा जास्त वेळ, कुणाकडे नुसतं मान हलवून. दोन मिनिटांत वर्ग आपोआप शांत झाला. मी एकोणीस वर्षं घसा फोडतेय आणि हे मला कुणी शिकवलं नाही!

मग गणित. बाई फळ्यावर लिहायच्या, मी मोठ्याने वाचायचे. एका मुलाने उत्तर दिलं, ते साफ चूक. मी म्हटलं, "चूक! बस खाली." त्याचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. बाईंनी बोलायला तोंड उघडलंच होतं. मी झटकन हात आडवा केला, "बाई, नको!" त्यांनी ओठ मिटले आणि खडूने घाईघाईत लिहिलं, "त्याला विचारा, कसं काढलंस?"

विचारलं. तो घाबरत घाबरत सांगायला लागला, आणि सांगता सांगता मध्येच थांबला. "अरेच्चा! मी खालचा आकडा पण मिळवला." आणि स्वतःच दुरुस्त करून बसला, असा रुबाबात, जणू गणित त्यानेच शोधून काढलं. तेव्हा मला कळलं, माझ्या लेकीच्या पोटदुखीचं औषध काय होतं ते.

त्या दुपारी घरी गेले ती थेट आडवी झाले. पाय, कंबर, डोकं, सगळं ठणकत होतं. डेपोत दोन पाळ्या लागोपाठ केल्या तरी मी इतकी दमत नाही.

हेडसरांनी पुढच्या दिवसांनाही मान डोलावली, आणि मग रोज एक जण. आमच्या पालकांच्या फोनवरच्या ग्रुपवर एरवी सुविचार आणि फुलांचे फोटो यायचे, तिथे आता वेगळंच सुरू झालं. नर्सने लिहिलं, "बाईंना वर्गात पाणी प्यायलाही वेळ मिळत नाही, हे आपल्याला माहीत होतं का?" केस कापणाऱ्या काकांनी लिहिलं, "माझा मुलगा डाव्या हाताने लिहितो म्हणून बाईंनी त्याची जागा बदलून दिली होती, कोपर धडकू नये म्हणून. पोरगं घरी बोललंच नाही, आज मला दिसलं." अध्यक्ष त्यांच्या दिवशी बाईंचं एक वाक्य वाचायचे आणि स्वतःची चार जोडायचे. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पण संध्याकाळी त्यांचाही निरोप आला. नेहमी पानभर लिहिणाऱ्या माणसाने एवढंच लिहिलं, "मानचिन्हाऐवजी बाईंना गळ्यात अडकवायचा छोटा माईक घेऊ. कुणाची हरकत?" कुणाची असणार!

तिसऱ्या आठवड्यात मात्र जीव टांगणीला लागला. बुधवारी सकाळी दहा वाजता डेपोत असताना शिवणकाम करणाऱ्या ताईंचा फोन आला. ताप भरला होता, कालपासून उठवत नव्हतं, आणि कळवायचं राहून गेलं होतं. म्हणजे सकाळपासून वर्गात बाई एकट्या! शाळेत फोन लावला, कुणी उचलला नाही. माझ्या अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. त्या दोन फेऱ्या मी कशा केल्या, माझं मला माहीत. सगळ्या वेळ डोळ्यांसमोर एकच, मागची पोरं मारामारी करताहेत आणि बाई ओरडताहेत. इतक्या दिवसांची मेहनत एका हाकेत पाण्यात जाणार होती.

ड्यूटी संपली तशी गणवेशातच शाळेकडे धावले. वर्गाच्या खिडकीशी पोचले, तर आतून हेडसरांचा आवाज! बाह्या दुमडलेल्या, पँटीवर खडूचे पंजे, आणि साहेब फळ्यावरचं मोठमोठ्याने वाचताहेत. बाई शेजारी उभ्या, बोटाने ओळ दाखवताहेत. सर एक ओळ सोडून पुढे गेले, तर बाईंनी त्यांना परत मागे आणलं. पोरं खुदुखुदु हसत होती.

मधली सुट्टी झाल्यावर सर बाहेर आले आणि पायरीवर मटकन बसले. "अकरा वर्षांनी वर्गात उभा राहिलो," ते म्हणाले. "ऑफिसात बसून वाटतं, शाळा आपण चालवतो."

मी विचारलं, "बाई बोलल्या का हो?"

"एक शब्द नाही. सकाळी मी खिडकीतून बघितलं, त्या एकट्या उभ्या होत्या. घड्याळाकडे बघत. मग म्हटलं, मला काय धाड भरलीय?" त्यांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून रोज एक तास मी घेणार. आज या वर्गाचा, उद्या त्या. तेवढा वेळ त्या त्या शिक्षकाने जाऊन नुसतं बसायचं. चहा प्यायचा. वह्यासुद्धा तपासायच्या नाहीत."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. नियमांवरून मी त्यांना त्या दिवशी बरंच सुनावलं होतं, त्याची मला लाज वाटली. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "राहू द्या हो, तुमचा आवाज तसाही पलीकडच्या गल्लीत गेला असेल."

शनिवारी बाईंची तपासणी होती. सोमवारी सकाळी आम्ही सगळे वर्गात मागे भिंतीला टेकून उभे होतो, पंधराच्या पंधरा, आणि हेडसर. मी एका पाळीची अदलाबदल करून घेतली होती. बाई आल्या आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, "गाठी विरल्या. ऑपरेशन नाही. सध्या रोज दहा मिनिटं बोलायची परवानगी."

पोरांनी असा काही जल्लोष केला की मी पण कानांवर हात ठेवले. अध्यक्षांनी माईकचा खोका पुढे केला. त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता, तो मला दिसला, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. फक्त म्हणाले, "बाई, ही दहा मिनिटं तुमची. काय बोलायचं ते बोला."

आम्हाला वाटलं, त्या आभार मानतील. मी रुमाल तयारच ठेवला होता.

बाईंनी माईक गळ्यात अडकवला, टेबलाचा खण उघडला, हजेरीची वही काढली आणि पहिलं नाव घेतलं. आवाज जरा चिरका होता, कडेला फाटलेला. पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली, "हजर, बाई." दुसरं नाव, तिसरं. एकेक नाव घेऊन त्या मान वर करायच्या, त्या पोराकडे नीट बघायच्या आणि मगच पुढचं घ्यायच्या. घाई नाही. दहा मिनिटं मिळाली होती आणि ती सगळी त्या या नावांवर घालवत होत्या. माझ्या लेकीचं नाव आलं, तेव्हा ती इतक्या जोरात उठली की कंपासपेटी खाली पडली.

एक्केचाळीस झाली. बाईंनी वही मिटली नाही, पान उलटलं. तिथे त्यांनी पेन्सिलने आणखी नावं लिहिली होती. आमची. त्या एकेक घ्यायला लागल्या. नर्स म्हणाली, "हजर." मीटरवाले बाबा म्हणाले, "हजर." अध्यक्ष अगदी हळू म्हणाले. ताई बऱ्या होऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण तर त्या दिवशी आलोच नव्हतो, पण बाईंनी त्यांचंही नाव घेतलं आणि त्या रडूनच "हजर" म्हणाल्या. हेडसरांनी ताठ उभं राहून शर्टाची गुंडी लावली.

सर्वात शेवटी माझं नाव होतं. मला सगळे कंडक्टरबाई म्हणतात, घरी नवरा "अगं" म्हणतो, लेक "आई". माझं नाव, वडिलांनी ठेवलेलं, पुरं, असं कुणी मोठ्याने घेतल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. बाईंनी ते घेतलं आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मी तोंड उघडलं. घशातून काही बाहेरच येईना. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता. बाई थांबून होत्या. त्यांची मिनिटं चालली होती, तरी थांबून होत्या.

लेक बाकावरून उठून माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आई, हजर म्हण ना."

मी म्हटलं.