शिल्लक गिअर

आमच्या ह्यांना खुशीत बघायचं असेल तर घाटाच्या पाचव्या वळणावर बघावं. तिथे दरी एकदम उघडते, खाली नदी चमकते, आणि सायकलवाल्यांची सगळी टोळी धापा टाकत असूनही एकमेकांची खेचत असते. दर रविवारी मी गाडी घेऊन त्यांच्या मागे. गाडीत केळी, पाणी, पंप आणि जादा ट्यूब. टोळी मला शेपूट म्हणते. म्हणोत बापडे.

ह्यांचं चष्म्याचं दुकान. काचेतला केसाएवढा फरक ह्यांच्या बोटांना कळतो, पण छातीतला बिघाड सांगायला डॉक्टर लागले. हृदयाची एक झडप आखडत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "आत्ता ऑपरेशन केलंत तर उत्तम. थांबायचंच असेल तर हळू चालवा, आणि चढावर जड जायला लागलं की त्याच दिवशी या. उशीर झाला तर हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही."

ह्यांचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नव्हते. त्यामुळे विषय काढला की हे उठून पाणी प्यायला जायचे. शेवटी मी हटूनच बसले, तेव्हा म्हणाले, "पाचव्या वळणावर ज्या दिवशी शेवटचा गिअर टाकावा लागेल, त्या दिवशी मुकाट्याने दवाखान्यात येतो. शब्द दिला." शेवटचा म्हणजे सगळ्यात हलका, दमलेल्याचा गिअर. त्या वळणावर तो ह्यांना कधीच लागला नव्हता. मी मान्य केलं. टोळीला मात्र आजाराचं काही सांगायचं नाही, अशी वर अट. कुणाची कीव नको होती ह्यांना.

पुढे हे मागे पडायला लागले. टोळी वळणावळणावर थांबून दरीचे फोटो काढायची. एकाच दरीचे किती काढणार? मला कळत होतं. पण घरी आल्यावर बूट सोडता सोडता हे म्हणायचे, "दोन गिअर शिल्लक होते." तोंड राखेसारखं, पण आवाज ठाम. मी मनात म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, सायकल कशी बोलेल?

मग एके दिवशी दुकानाची पायरी चढताना हे कोसळले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं. वेळ निघून गेली होती. आता फक्त गोळ्या, आणि जमेल तितके दिवस.

दवाखान्याच्या जिन्याशी टोळीतला मेकॅनिक भेटला. त्याला सगळे पाना म्हणतात. डोळे लाल, हातांना तसंच काळं ग्रीस.

"वहिनी, दादांना चढ जड जातोय हे आम्हाला दिसत होतं," तो म्हणाला. "सायकल सर्व्हिसिंगला आली तेव्हा सगळ्यांनी मिळून मागच्या चाकाच्या गिअरच्या चकत्या बदलल्या. मोठ्या बसवल्या, म्हणजे पाय हलके पडतील. त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

म्हणजे ह्यांचा जुना शेवटचा गिअर आता शेवटून तिसरा झाला होता. ते शिल्लक दोन गिअर टोळीने प्रेमाने बसवून दिलेले; दिलेल्या शब्दाचा दिवस कधीच येऊन गेला होता. पान्याच्या थोबाडीत दोन द्याव्यात असं वाटलं. पण आमचा शब्द त्याला कुठे माहीत होता? मी विचारलं, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

ह्यांना घरी आणल्यावर मात्र मला राहवलं नाही. सगळं ओकून टाकलं. हे उशीला टेकून चष्मा पुसत होते.

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच रविवारी कळलं. चकतीचे दात मोजता येतात मला."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरांनी एवढ्या मायेनं केलं होतं." बराच वेळ चष्मा पुसून झाला. "आणि मला बरं वाटलं गं. वाटलं, अजून एक रविवार मिळाला. मग अजून एक."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. एवढी चीड मला आयुष्यात कुणाची आली नव्हती.

परवाच्या रविवारी ह्यांना घाटात न्यायचं ठरलं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना आवडतं ते करू द्या." त्यांनी असं म्हणावं, यातच सगळं आलं. पाचव्या वळणाच्या जरा खाली मी ह्यांना गाडीतून उतरवलं. पान्याने सायकल धरली, टोळी पुढे जाऊन कठड्याशी उभी राहिली. तेवढंच एक वळण. मी गाडी मागे ठेवली, चालण्याच्या वेगात. साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर होती, म्हणजे शेवटचा गिअर. त्यापुढे काही नव्हतं.

हे वर पोचले. पान्याने विचारलं, "दादा, किती शिल्लक?"

ह्यांना बोलता येईना. दोन बोटं वर केली. टोळीने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पाठ थोपटली. मग ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"दोन होते," मी म्हणाले. "मी मागूनच पाहत होते."