चित्त्याचे पाय

बाबांनी आईला पिवळी पाटी दाखवली, तो आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. दूध उतू जातंय म्हणून आई स्वयंपाकघराकडे धावली, तर बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पाटी वर करून म्हणाले, "दोन्ही पाय सुटले. ताकीद."

"दूध सांडलं असतं तर पुसायला पंच येणार होते का?" आई म्हणाली. "ती पाटी एक दिवस तुमच्याच..." पुढचं तिने माझ्याकडे बघून गिळलं. बाबा खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच खुर्चीत, ते गेले. चहा निवला तरी आई हाका मारत होती.

बाबा चालण्याच्या शर्यतीचे आंतरराष्ट्रीय पंच होते. या शर्यतीत मुख्य भानगड एकच. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले, की ते चालणं राहत नाही, पळणं होतं. पंचाने ते नुसत्या डोळ्यांनी टिपायचं, शंका आली की पिवळी पाटी दाखवून ताकीद द्यायची आणि खात्री पटली की लाल कार्ड. तिघांनी लाल कार्ड दिलं की गडी बाद. जागतिक स्पर्धेत आमच्या देशाचा गडी सगळ्यांच्या पुढे असताना तिसरं कार्ड बाबांनी दिलं. पहिली दोन परक्यांची होती, ती कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत.

त्या गड्याला देश लाडाने चित्ता म्हणायचा. चालणाऱ्या माणसाचं नाव चित्ता ठेवलं, तिथेच खरं तर सगळ्यांना शंका यायला हवी होती.

त्याआधी या शर्यतीचं नावही न ऐकलेला देश एका संध्याकाळीत तज्ज्ञ झाला. "आम्ही काय चालत नाही? आम्हाला कळत नाही?" असं भाजीवाला आईला म्हणाला आणि देशप्रेमापोटी तिच्या पिशवीत सडके टोमॅटो घालू लागला. दूरदर्शनवर चित्त्याची शेवटची फेरी पुन्हा पुन्हा दाखवत, पण फक्त कमरेच्या वर. छातीवरचा झेंडा, कपाळावरचा घाम, मागे राष्ट्रगीत. पाय कुणीच दाखवले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या वळणावर कठड्याला टेकून उभी होते. घरी येऊन तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "पंचाच्या घरचे निकालावर बोलत नाहीत. विरोधात नाही, बाजूनेही नाही." मग शेवटपर्यंत कुणी बोललं नाही. आम्ही हवापाण्यावर बोलायचो. आमच्याइतकं हवापाण्यावर बोललेलं दुसरं कुटुंब नसेल.

बाबा गेल्यावर क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, शोकसभा घेतोय. झालं गेलं विसरून आपण त्यांना माफ करून टाकू. चित्ताही येणार आहे."

मला संताप आला. आई म्हणाली, "जाऊ दे गं. चार चांगले शब्द तरी बोलतील."

सभागृहात बाबांच्या फोटोला हार होता आणि फोटोपेक्षा मोठा झेंडा. अध्यक्ष उभे राहिले, त्यांनी आवाज ओला केला. "आता सांगायला हरकत नाही. त्या काळात त्यांना मोतीबिंदू झाला होता. चूक डोळ्यांची होती, हृदयाची नव्हती. देशाने त्यांना माफ केलं आहे!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत.

आई माझ्या कानाशी आली. "मोतीबिंदू मला झाला होता."

"माहितीये."

"यांना शंभर पावलांवरून माझ्या साडीचा फॉल उसवलेला दिसायचा."

"माहितीये, आई."

"मग बसलीयेस काय? ऊठ की. तो नियम त्यांचा होता आणि ते गेले."

अध्यक्षांनी आभारासाठी माझं नाव घेतलंच होतं. मी माइककडे गेले. पहिल्या रांगेत चित्ता बसला होता. चांगला माणूस असावा. टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्याने, मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्या सभागृहात योग्य जागी बघणारा तो एकटाच.

मी श्रोत्यांकडे पाठ केली आणि फोटोकडे तोंड.

"बाबा," मी म्हणाले, "मी वळणावरच उभी होते. त्याचे दोन्ही पाय हवेत होते. मला दिसले. तुमचं बरोबर होतं."