राखून ठेवलेला वर्ग

अनसूयाबाईंच्या मुलींच्या शाळेला संस्थेनं व्यवस्थापक नेमला, तो कापडदुकानातला! आता काय म्हणावं? बाईंनी पुण्याला ट्रेनिंग घेतलेलं, ओसरीवर सुरू केलेली शाळा पाचवीपर्यंत वाढवलेली, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले कोण, तर मधल्या मारुतीपाशी जन्मभर लुगडी विकलेले ईरप्पा. कपाळाला भस्म, डोक्याला जरीचा रुमाल आणि तोंडात सदा एकच शब्द, गिऱ्हाईक. मुलींचे आईबाप म्हणजे गिऱ्हाईक, सरकार म्हणजे गिऱ्हाईक. "शाळा काय अन् दुकान काय बाई, माणूस पायरी चढून आत आला पायजे की," हे आणखी वर. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तरी खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. आल्याआल्या त्यांनी गळकं छप्पर नीट करून घेतलं, पाण्याचा रांजण आणला आणि शाळेची वेळ गिरणीच्या भोंग्याला जुळवली. कामावर जाता जाता आया मुलींना शाळेत सोडू लागल्या आणि वर्ग भरले. हे बाईंनी मनातल्या मनात कबूल केलं होतं. तोंडानं मात्र नाही हं.

त्या साली बाईंचा जीव अडकला होता सहावीत. शाळेला मंजुरी पाचवीपर्यंतच, पाचवी संपली की पोरी घरी. रुद्रप्पा तेलवाल्याची शिवबाई यंदा पाचवीत होती. असली पोर मास्तरणीच्या नशिबात कधीतरीच येते. अवघड हिशेब तोंडानं सोडवायची आणि वर विचारायची, "दुसऱ्या रीतीनं करून दाखवू?" पण तिचा बाप सांगून गेला होता, "पाचवी झाली की बास. सोयरीक बघतोय." बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "आणि सहावी निघाली तर?" "निघू द्या तर खरं," म्हणत तो हसत निघून गेला. सहावीला मंजुरी द्यायची की नाही ते ठरवायला शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे होते.

बाईंचा बेत साधा होता. साहेब आले की त्यांना थेट पाचवीत न्यायचं. पण दारात स्वागताला उभं राहायचं ते व्यवस्थापकानं, असा संस्थेचा दंडक. साहेबांना हार घालून ईरप्पांनी त्यांना नेलं कुठं, तर अगदी लहानग्यांच्या बिगारीत! तिथं एकीनं पाटी पुसायचं पाणी सांडलेलं, दुसरी आईच्या नावानं भोकाड पसरून बसलेली, तिसरी भिंतीला टेकून झोपलेली. बाई मागून खुणा करून थकल्या. तिथून पहिली, मग दुसरी. सगळीकडे आपलं बेताबेताचंच. साहेब जांभई दाबू लागले. शेवटी पाचवीच्या बंद दारापाशी आले, तर ईरप्पा दाराला पाठ लावून उभे!

"ही खोली ऱ्हाऊ द्या साहेब. ही काय दाखवायची न्हाई."

बाईंच्या पायाखालची वाळूच सरकली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. गेल्या दिवाळीला ह्याच ईरप्पांनी हलकी हलकी लुगडी समोर टाकून शेवटी एक भारी इरकली लुगडं असंच फळीवर मागं सारलं होतं. "ते ऱ्हाऊ द्या बाई, दुसऱ्यासाठी राखलंय." आणि बाईंनी हट्टानं तेच घेतलं होतं. अहो, पण साहेब काय लुगडं घ्यायला आले होते?

साहेबांची झोप उडाली. "दाखवायची नाही म्हणजे? खोट्या मुली आणून बसवल्यात की काय? बाजूला व्हा!" तेव्हा कुठं ईरप्पांना कळलं, की हे गिऱ्हाईक निराळं आहे. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं.

साहेबांनी बाईंना कोपऱ्यात उभं केलं, खडू हातात घेतला आणि परीक्षा सुरू केली. परीक्षा कसली, झडतीच ती! भूगोल झाला, कविता झाली, मोडी वाचून झाली. पोरी कशालाच हटेनात. मग त्यांनी फळ्यावर चांगलं लांबलचक त्रैराशिक घातलं. शिवबाईनं ते केलं आणि विचारलं, "दुसऱ्या रीतीनं करून दाखवू?"

साहेब बघतच राहिले. मग हसले. "दाखव बरं," म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

बाहेर पडताना त्यांनी ईरप्पांना विचारलं, "असला वर्ग लपवत होता तुम्ही?"

"लपवला न्हाई साहेब, राखला. पयल्यांदा काढला असता, तर तुमी दोन बोटांनी चाचपून बाजूला टाकला असता."

साहेबांनी सहावी मंजूर केली. त्या दिवशी बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं, इतका आनंद झाला.

दुसऱ्याच दिवशी रुद्रप्पा शाळेत हजर. "सहावी निघाली म्हनं. पर आमची पोर नको, बाई. घरी कामं हायती."

बाईंपाशी उत्तर तयार होतं. विद्येचं महत्त्व, मुलीचं भलं, सगळं पाठ होतं. ते आजवर त्यांनी कितीतरी बापांना ऐकवलं होतं आणि एकही बाप बधला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाकावर रुमालाची घडी घालत बसलेले ईरप्पा दिसले.

"बरं झालं तुम्हीच म्हणालात," बाई म्हणाल्या. "सहावी काही सगळ्यांसाठी नाही. शिवबाईची जागा दुसरीला देऊन टाकते."

रुद्रप्पा जाता जाता थांबला. "दुसरी कोन?"

"आहेत की पुष्कळ."

"माझ्या पोरीपरास हुशार?"

"तसं कुठं म्हटलं मी? पण तुम्हालाच नको, तर..."

"नको कोन म्हनलं? साहेबानं खुर्ची वढून बगितलंय माझ्या पोरीचं गणित! दुसरीला कशी देता जागा? लिवा नाव. माझ्यासमोर लिवा. सोयरीक काय पळून जाती व्हय?"

बाईंनी टाक उचलला. नाव लिहिताना त्यांचा हात थरथर कापत होता. तो गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून ईरप्पा मुकाट्यानं उठले आणि मध्ये येऊन उभे राहिले.