टाकी ते पंप

त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. तीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत. कारण अकरा वर्षांपूर्वी एका भर दुपारी, बेकरीच्या वळणावर, पंक्चर झालेली सायकल हातात धरून चाललेल्या एका माणसाला त्यांच्याच गाडीची धडक बसली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मास्तर थांबले नाहीत. नंतर आठवडाभर त्यांनी घरात पेपर येऊ दिला नाही आणि ही गोष्ट पोटातून ओठावर कधी आणली नाही.

मग त्यांच्या मुलीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मशीन आणलं. खरी सीट, खरं स्टिअरिंग, खरे ब्रेक आणि समोर तीन मोठे पडदे. माणसाने हव्या तितक्या चुका कराव्यात, कुणाला खरचटायचंही नाही. पडद्यावर ओळखीचा रस्ता हवा म्हणून मास्तरांनी तो गतिरोधकासकट तोंडपाठ सांगितला आणि मुलीने भरला. फक्त बेकरीचं वळण त्यांनी गाळलं. मशीनमधला रस्ता पाण्याच्या टाकीपासून थेट पेट्रोल पंपाला जायचा. शिकणारे म्हणाले, बरं झालं, तेवढंच सोपं.

पहिल्याच आठवड्यात एका शिंप्याने टाकीनंतर करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं हो?" मुलीने विचारलं.

"कोणीतरी आडवं आलं ना!"

मुलीने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. रस्ता मोकळा होता. पण त्यानंतर आणखी तिघांनी तिथेच ब्रेक दाबला. मास्तर हसून म्हणाले, "नवशिक्यांना स्वतःची सावलीही आडवी येते." मग निवृत्त नर्सबाई बसल्या. बाई मोठ्या धीराच्या, पण त्याही अर्ध्यातच मशीनमधून उतरल्या.

"सायकल होती त्याच्याजवळ," त्या म्हणाल्या. "चालवत नव्हता. हातात धरून चालला होता."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चोराच्या मनात चांदणं म्हणावं, तर ही बाई त्या दुपारी या शहरातही नव्हती.

"बाबा, लोक घाबरून परत येईनात," मुलगी त्या संध्याकाळी म्हणाली. "त्या टाकीपुढे आहे तरी काय?"

तिने स्कूलच्या पाटीवर हौसेने बापाचं नाव घातलं होतं. तिला कळलं, तर ती आपल्याकडे कशी बघेल, ही एकच भीती मास्तरांना मरणाहून मोठी वाटत होती.

"काही नाही तिथे. थांब, मी दाखवतो," असं म्हणून ते स्वतः सीटवर बसले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

टाकी मागे गेली. पुढचा रस्ता सरळ होता, रिकामा होता. मग स्पीकरमधून बारीक टिकटिक ऐकू आली. सायकल हातात धरून नेली की मागचं चाक करतं, तशी. मास्तरांचा पाय ब्रेककडे निघाला. त्यांनी तो जिद्दीने आवरला. टिकटिक जवळ आली, अगदी कानाशी आली, आणि थांबली. गाडीला साधा हिसकाही बसला नाही. पंप आला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

मुलीने प्रिंटरमधून निकालाचा कागद काढला आणि नेहमीसारखा मोठ्याने वाचला. "वेग योग्य. लेन योग्य. धडक, एक. धडकेनंतर चालक थांबला नाही." ती कागदाकडे बघतच राहिली. "बाबा, हे शेवटचं वाक्य यात नाहीच आहे. सगळी वाक्यं मी स्वतः भरलीत. मशीन बिघडलंय. उद्या कंपनीचा माणूस बोलावते."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मास्तरांना तसं करावंसं फार वाटलं.

"नको बोलावूस," ते म्हणाले. "मशीन बरोबर आहे."

मुलीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं, तशी ती भिंतीला टेकली.

"आणि तो माणूस? वाचला का तो?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मी थांबलोच नाही ना."