वाटून ठेवलेलं बी

नाल्यातले खेकडे पोटाशी पिल्लं धरून अंगणात चढले, तसं डोमाजीनं ओळखलं, पाणी येणार. ते गोठ्यापाशी थांबले तर भ्यायचं नाही, चुलीपर्यंत आले तर घर सोडायचं, असं त्याची बायको रेणुका सांगायची. त्या दिवशी ती खेकडे खाऊ द्यायची नाही. मागल्या पुरात टेकडीवर ओल्या सरपणाला फुंकर घालता घालता ती हसून त्याला म्हणाली होती, की तुमच्यापेक्षा खेकडा बरा, न सांगता वर चढतो.

आज खेकडे चुलीशी होते. मोबाईलवरचा पुराचा इशारा पाहून पोरगा खुशालही घर सोडायचंच म्हणाला. त्यानं बैलं सोडली, भांडी बांधली. डोमाजी कणगीपाशी बसून राहिला.

कणगीत रब्बी ज्वारीचं बी होतं. फाल्गुनात रेणुकानं उभ्या पिकात हिंडून कणसं निवडली, दाण्यांना राख चोळून ठेवली, आणि वैशाखात ती गेली.

त्यांच्या आंध आदिवासींच्या वस्तीची रीत होती, की पुराआधी खालच्या घरांनी आपलं बी टेकडीवरच्या घरांत थोडं थोडं वाटून ठेवायचं. एक छप्पर गळालं तरी दुसऱ्याखालचं वाचतं. पण तिथं ते त्यांच्या बियात मिसळतं. डोमाजीला तेच नको होतं. पोतं जवळ घेऊन ताडपत्रीखाली बसीन, म्हणाला.

रेणुकाची धाकटी बहीण सोनाबाई टेकडीवरून बी न्यायला टोपलं घेऊन आली होती. तिनं ऐकून घेतलं.

"दाजी, भिजलं तं पोत्यातच मोड येतीन. मंग काय माह्या बहिनीची आठवण म्हणून उसळ खासान?"

डोमाजीला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यानंच कणगीचं तोंड उघडलं आणि घरोघर वाटायला बी तिच्या टोपल्यात ओतलं.

दुपारी नाला घरात शिरला. मागची भिंत रिकाम्या कणगीसकट गेली.

आश्विनात तो घरोघर बी परत आणायला गेला. सगळ्यांनी दिल्यापेक्षा जास्तच घातलं. सोनाबाईच्या ओसरीवर त्यानं सुपात दाणे पसरले, बोटानं सारत राहिला. रेणुकाचे कोणते, कळेना.

"काऊन निवडून राह्यले?" सोनाबाई म्हणाली. "तिनंबी आमचं नेलं होतं मागल्या पुरात. तवा कोनाचं कोनतं, पाह्यलं का तिनं?"

पेरणीला खुशालनं बैलं धरली. तिफणीमागं चालत चाड्यात बी सोडायचं काम रेणुकाचं असायचं. यंदा डोमाजी उभा राहिला. बैलं निघाली, तरी त्याची मूठ उघडली नाही. थोडी ओळ रिकामीच गेली. खुशालनं मागं पाहिलं, पण बैलं थांबवली नाहीत.

मग दाणे पडू लागले.