दुसऱ्या होळीचा खांब

दौलत सुभेदाराच्या आवाजात अठ्ठावीस वर्षांची पलटण होती. निवृत्त होऊन मांगेलआळीत, गावाच्या मच्छीमार वस्तीत, परतल्यावर त्याने ग्रामपंचायतीसाठी रक्षक दल उभं केलं. चोवीस पोरं, खाकी शर्ट, रोज सकाळी किनाऱ्याच्या वाळूत कवायत. त्याने ‘थांब’ म्हटलं की पोरं उचललेला पायही तसाच अधांतरी धरून ठेवायची. गाव कौतुक करायचं आणि दौलतच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. सरपंच विनिताताईंनी मात्र एकदा हसत हसत टोचलं होतं, की दल ऐकतं ते तुमचं, पंचायतीचं नाही. दौलतने थट्टा म्हणून सोडून दिलं. तिथेच तो चुकला.

गावाची रीत अशी, की होळीसाठी सुपारीचा उंच खांब बागायतदारांनी द्यायचा, आळीतल्या पुरुषांनी तो खांद्यावर वाहून आणायचा, आणि सगळ्यांची मिळून एकच होळी पेटायची. ज्यांची होळी वेगळी त्यांचं गाव वेगळं. यंदा आळीने आपला वेगळा खांब परगावाहून, विवळवेढ्याहून, टेम्पोत घालून आणला, आणि त्याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. नळाचं पाणी बागायतीतून आळीपर्यंत येता येता करंगळीएवढं व्हायचं. मासळी सुकवायची शेड चार वर्षं कागदावरच वाळत पडली होती. वेगळ्या ग्रामपंचायतीचा ठराव दोनदा मांडला, दोनदा ग्रामसभेने तो मतालाच घेतला नाही. आळी खोटं बोलते असं बागायतदारांच्या घरातले म्हातारेसुद्धा म्हणत नसत.

विनिताताईंनी लेखी आदेश काढला. ग्रामसभा ठरवत नाही तोवर बंदराजवळच्या पंचायतीच्या जागेत दुसरी होळी नाही. दलाने वाट अडवावी.

आळीचा पुढारी होता दौलतचा पुतण्या प्रितेश. त्याचं म्हणणं सरळ होतं. दलातली बहुतेक पोरं आळीची, म्हणजे दल आळीचं. खाकी शर्ट खांबाच्या पुढे चालले तर अडवणार कोण? दौलतची बायको जमना मासळीची टोपली खाली ठेवून एवढंच म्हणाली, की तीस वर्षं ती डोक्यावरून पाणी आणतेय; आता कुणाच्या बाजूला उभं राहायचं ते नवऱ्याने ठरवावं.

दौलतला एक जुना शिपाई आठवला. ज्या मुलखातल्या लोकांना देशातून फुटून निघायचं होतं, तिथे त्यांची पलटण होती, आणि त्याच मुलखात त्या शिपायाचं घर होतं. त्याने आधी बंदूक जमा केली, नोकरी सोडल्याचा कागद दिला, आणि मगच आपल्या माणसांच्या बाजूने तोंड उघडलं. तेव्हा दौलतने त्याला मूर्खात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी कवायतीला तो पोरांना म्हणाला, “ज्याला आळीसोबत चालायचंय त्याने खुशाल चालावं. मीही चालणार. पण आधी शर्ट उतरवा. हा गावाने दिलाय, गावावरच चालून जायला नाही.” आणि पहिला शर्ट त्याने स्वतःचा काढला. मागोमाग नऊ जणांनी काढले. पंधरा राहिले, त्यात त्याचा मुलगा हार्दिक होता. सरपंचांनी दलाची जबाबदारी हार्दिककडेच दिली. का राहिलास, असं बापाने विचारलं नाही.

होळीच्या दुपारी आळीने खांब उचलला. पुढचा खांदा दौलतचा, अंगात नुसतं बनियन. बंदराच्या वाटेवर पंधरा खाकी शर्ट आडवे उभे होते.

“बाबा, खांब इथेच ठेवा,” हार्दिक म्हणाला.

प्रितेश मागून कुजबुजला, “काका, एकदा नुसतं ‘बाजूला’ बोला. हलतील सगळे.”

हलले असते. पंधराजणांचे डोळे ना सरपंचांच्या कागदाकडे होते, ना हार्दिककडे. ते दौलतच्या तोंडाकडे लागले होते, आणि ते पाहून त्याला स्वतःचीच भीती वाटली. एक शब्द, आणि आळीला तिचं गाव मिळणार. पण त्या गावात पहिल्या दिवसापासून ग्रामसभेपेक्षा एका माणसाचा आवाज मोठा असणार. आज तो आवाज त्याचा, उद्या प्रितेशचा, परवा आणखी कुणाचा. शब्द अगदी ओठांवर आला होता.

“माझ्याकडे बघू नका,” तो पोरांना म्हणाला. “हार्दिक सांगेल ते ऐका.”

त्याने गुडघा टेकला. पुढचं टोक खाली गेल्यावर मागच्यांनाही खांदे काढावे लागले, आणि खांब वाटेतच आडवा झाला. प्रितेश थुंकला आणि निघून गेला. दौलत खांबावर बसला, आणि त्याच्याशेजारी जमना आणि बाकीची आळीही बसली. विनिताताई आल्या तेव्हा त्याने सांगितलं, की ठराव मताला पडेपर्यंत आळी इथून उठणार नाही, आणि गावाचा खांबही आळीतलं कुणी उचलणार नाही. आठ दिवसांत ग्रामसभा घेते, असं ताई म्हणाल्या. आठ दिवस बसतो, असं दौलत म्हणाला. गावात त्या संध्याकाळी एकही होळी पेटली नाही.

ओळ मोडल्यावर हार्दिक जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाबा, मी चुकलो का?”

“नाही,” दौलत म्हणाला. “चुकला असतास तर मला सोपं गेलं असतं.”

जमनाने ते ऐकलं. ती उठली आणि बापलेकांपासून लांब, खांबाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.