अर्धा चुडा

प्रोफेसर गणपतरावांना कॉलेजात मानपत्र मिळालं आणि जो तो म्हणू लागला, आकड्यांच्या शास्त्रात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मला विचारा. ते आकडे माझ्या अम्माचे होते.

अम्मा, मेहरुन्निसा, कोल्हापुरात दारोदार बांगड्या भरायची. प्लेग ओसरल्यावर गणपतराव वही घेऊन फिरले, घरात किती माणसं होती, किती गेली ते विचारत. आमच्याकडच्या बायका लेकरं मोजून सांगतात होय? मोजलं की दृष्ट लागते. कुणी एक कमी सांगितलं, कुणी मुली धरल्याच नाहीत. मग हे विद्वान आमच्या दारी आले. अम्माला घराघरातली माणसं पाठ. तीन महिने ती गल्लीवार सांगत गेली, ते लिहीत गेले. मुलग्यांना प्लेगची लस टोचून घेतली, मुलींना घरी ठेवलं, म्हणून मुली दुपटीनं गेल्या, हे त्यातून निघालं. माझी धाकटी बहीण शमशाद त्यातलीच. अम्मानं एवढंच मागितलं, हे छापून दरबारात जाऊ द्या, पुढच्या साथीत पोरींनाही टोचतील.

पुस्तक आलं. मी शाळा शिकलेली, मीच वाचून दाखवलं. मुलींचा रकानाच नव्हता. खाली टीप होती: अडाणी बांगडीवालीची माहिती, सबब गाळली. बाकीचे आकडेही त्याच अडाणी बाईचे, ते बरे चालले.

अम्मा रडली नाही, बांगड्या घेऊन फेरीला निघाली. माझं मात्र डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर नाही.

चैत्रात गणपतरावांच्या लेकीचं लग्न निघालं. चुडा भरायला अम्मालाच बोलावणं; तिच्याबरोबर मीही गेले. पुढच्या सोप्यावर, ओसरीत, पाहुणे बसलेले. अम्मानं नवरीचा डावा हात भरला, उजवा हातात घेतला आणि थांबली.

"भर की," गणपतरावांची बायको म्हणाली.

"भरते की. पर मास्तरांच्या पुस्तकात ह्या घरात पोरगीच न्हाय. बांगड्या कुणाला भरू?"

सोप्यावरचे पाहुणे वळून बघू लागले. एक हात भरून दुसरा रिकामा ठेवणं अशुभ, आणि एकीनं भरायला घेतलेला चुडा आमच्या पेठेत दुसरी पुरा करत नाही.

गणपतराव बाहेर आले. "दरबारच्या नोंदीशी मुलींचे आकडे जुळेनात, बाई. दरबारातच माझी नेमणूक व्हायची होती. बांगडीवालीचं ऐकलं म्हणून लोक हसले असते."

"पोरी मेल्या त्येचं काय न्हाय, हसं हुईल त्येचं भ्या."

नवरीनं मान वर केली. "आबा, मी आहे की नाही घरात?"

 गणपतरावांनी पुस्तक आणि दौत आणली. अम्मा गल्लीवार सांगू लागली, ते समासात लिहू लागले. नवरीचा हात तिनं सोडला नाही.

"पावणं, तुमी ऐकताय न्हवं?" ती मधेच म्हणाली. "ही प्रत उद्या दरबारात जायाची हाय."

पाहुण्यांनी माना हलवल्या. तासभर गेला.

"शेवटचं घर आमचं. पोरी दोन. ऱ्हायली एक. गेली ती शमशाद. नाव लिवा."

"पत्रकात नावं लिहीत नाहीत."

"लिवा."

त्यांनी लिहिलं. मी वाचून पाहिलं आणि मान डोलावली. तेव्हा कुठं अम्मानं नवरीची बोटं हळूच दाबली आणि उजव्या हातात पहिली बांगडी चढवली.